कानात सतत शिट्टी वाजते. महात्मा फुले योजनेत उपचार होतात का?

तुम्ही विचारलंय वडिलांबद्दल: उमेदीची सगळी वर्षं विट्यात कापडाच्या मागावर गेली, आता कानात रात्रंदिवस 'कुंईऽऽ' चालू. नुसत्या या त्रासासाठी महात्मा फुले योजनेत काही मिळेल अशी आशा धरू नका. ती योजना मुख्यतः दाखल होऊन करायच्या शस्त्रक्रिया-उपचारांसाठी आहे. हे काम ओपीडीचं.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा सांगली सिव्हिल, दोन्हीकडे कान-नाक-घसा विभाग आहे. केसपेपर काढा आणि ऑडिओमेट्री (ऐकू किती येतं त्याची तपासणी) करून द्या म्हणून स्पष्ट सांगा. नाहीतर कानात डोकावून, मळ काढून, गोळ्या लिहून दोन मिनिटांत बाहेर! मळानेही आवाज येतो हे खरं, पण मागाच्या खडखडाटात वर्षं काढलेल्या माणसाची ऐकण्याची नसच बहुधा कमजोर झालेली असते. हा आवाज कायमचा घालवणारी गोळी नाही. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने आवाज बराच मागे पडतो.

पैशाचा मार्ग इथेच आहे. ऐकण्याचं अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त भरलं आणि यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) काढलं, तर अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकतं. उत्पन्नाची अट आहे. नुसत्या आवाजावर टक्के मिळत नाहीत, बहिरेपणावरच मिळतात. अन्याय आहे, पण नियम तसा.

एकाच कानात आवाज, नाडीसारखी धडधड किंवा अचानक ऐकू येणं बंद झालं, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.