अंतर पाळूनही घरभर फ्लू कसा झाला?

सासूबाईंना वेगळी खाट दिली, सहा फूट लांब राहिलो, हात धुतले, तरी चौथ्या दिवशी सगळे तापाने आडवे, मग चुकलं कुठे, असं तुम्ही विचारलंय. ताई, तुम्ही काळजीत काहीच कमी केलं नाहीत. पण रात्री सगळे एकाच खोलीत खिडक्या लावून, एसी सुरू ठेवून झोपलात, हेही तुम्हीच लिहिलंय. मला वाटतं, गोम तिथे आहे.

मी 18 वर्षं एसी बसवतोय. एसी बाहेरची ताजी हवा आत घेतो, असं बहुतेक गिऱ्हाइकांना वाटतं. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. त्याच्या जाळीत धूळ अडकते, विषाणू वाहून नेणारे बारीक कण सुटून जातात. शिंकेतले मोठे थेंब लगेच खाली पडतात, पण नुसतं बोलताना, श्वास सोडतानाही जे सूक्ष्म तुषार बाहेर पडतात ते बराच वेळ तरंगतात. ओट्यावर मिरचीची फोडणी पडली की हॉलमध्ये बसलेल्यालाही ठसका लागतो ना, तसंच. सहा फुटांचा तिथे काय उपयोग!

चीनमधल्या ग्वांगझू शहरात 24 जानेवारी 2020 ला एका बिनखिडक्यांच्या हॉटेलात शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबं जेवली. एक वुहानहून आलेलं. तिन्ही मिळून 10 जणांना कोरोना झाला. ही तिन्ही टेबलं एकाच एसीच्या झोतात होती आणि हवा बाहेर फेकणारे पंखे बंद होते. नंतर मोजलं, तर बाहेरची हवा माणशी सेकंदाला जेमतेम 1 लीटर येत होती. त्याच हॉलमधल्या बाकीच्या टेबलांवर कुणालाही लागण झाली नाही. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने हे वाचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता घरात जे अजून धडधाकट असतील त्यांना आजच दुसऱ्या खोलीत झोपवा. आजाऱ्याच्या खोलीची खिडकी उघडा आणि तिच्याशी टेबल फॅन बाहेर तोंड करून ठेवा, म्हणजे तिथली हवा घरात न शिरता बाहेर जाईल. बाथरूमचा एक्झॉस्ट सुरू ठेवा. सासूबाईंजवळ बसताना एन-95 लावा, नाकाशी फट राहू देऊ नका. कापडी मास्कवर विसंबू नका.

खिडकी उघडली की डास येतात, हे खरंय. जाळी बसवून घ्या. जाळीमुळे हवा थोडी कमी येते, पण येते.