सफरचंदाचं कलम: फळाचा फोटो नंतर, आधी जोड बघा

गेल्या दोन-तीन वर्षांत खान्देशात सफरचंदाचं खूळ आलंय. जुलैत गावात टेम्पो येतो, लाल फळाचा मोठा फोटो लावलेला असतो, लोक दोन-चार रोपं घेतात, परसात नाहीतर केळीच्या बांधावर लावतात आणि दिवाळीनंतर मला विचारायला लागतात. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदाच उत्तरं देऊन टाकतो.

बाजारातल्या सफरचंदाच्या बिया कुंडीत लावल्या, 6 रोपं आलीत. यांना तशीच फळं येतील का? (अमळनेरच्या एक ताई)

नाही. बियांचं झाड आईबापासारखं निघत नाही, म्हणून तर कलम करतात: खालचं मुळांचं झाड म्हणजे खुंट, त्यावर चांगल्या जातीची काडी बांधायची, दोन्ही भिडतात तो जोड. रोपं टाकू नका, खुंट म्हणून हात बसवायला कामाला येतील.

व्हिडीओत पेरूच्या झाडावर सफरचंदाचं कलम दाखवलंय. आमच्याकडे मोठा पेरू आहे, आणि बोरही आहे. जमेल का? (पारोळा)

पेरूवर नाही, बोरीवर नाही, आंब्यावर तर नाहीच. सफरचंद वेगळ्या कुळातलं. फांदी खोचली, वरून पॉलिथीन बांधलं की आठ-पंधरा दिवस हिरवी दिसते, तेवढ्यात व्हिडीओ काढून होतो आणि सहा महिन्यांनी काय झालं ते कोणी दाखवत नाही. बोरीवरून आठवलं, 'अ‍ॅपल बोर' हे बोरच आहे भाऊ, नाव आणि आकार बघून सफरचंदाच्या भावात रोप घेतलेले लोक मला भेटलेत. जुनी गावठी बोर असेल तर तिच्यावर मेहरूणच्या बोराचा डोळा (काडीवरची फुटणारी कळी) भरून घ्या, चार पैशाचं काम होईल.

आपल्याकडे थंडी किती लागते? विक्रेता म्हणतो 45 डिग्रीतही येतं. (शिरपूर)

झाड 45 डिग्रीत जगेल, पाणी आणि सावली दिली तर. फळाचं गणित उन्हाळ्याचं नाही, हिवाळ्याचं असतं. काश्मीर-हिमाचलच्या नेहमीच्या जातींना साधारण 7 अंशाखालची 800 ते 1200 तास थंडी लागते. धुळ्याला एखाद्या लाटेत पारा 6-7 वर उतरला की पेपरात बातमी येते, पण ती पहाटेच्या दोन-तीन तासांची गोष्ट. म्हणून आपल्याकडे कमी थंडीच्याच जाती बघायच्या: इस्रायलची अ‍ॅन्ना, बहामा बेटांवर सापडलेली डॉर्सेट गोल्डन, नाहीतर हिमाचलच्या बिलासपूरकडचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी काढलेली हरिमन-99. जाती खऱ्या आहेत, टेम्पोतलं रोप त्याच जातीचं आहे की नाही हा प्रश्न वेगळा. आणि एकराचे हिशोब लगेच मांडू नका, परसात दोन झाडं लावून तीन हिवाळे बघा, मग कृषी विज्ञान केंद्रात जाऊन बोला.

नर्सरीवाला म्हणतो 'इम्पोर्टेड रूटस्टॉक' आहे. म्हणजे चांगलंच ना? (शहादा)

रूटस्टॉक म्हणजे खुंट, आणि इम्पोर्टेड हे खुंटाचं नाव नाही. नाव विचारा. एम-9 म्हणाला तर झाड बुटकं राहील, लवकर फळाला येईल, पण मुळं ठिसूळ, जन्मभर आधाराची काठी लागणार आणि पाण्याचा ताण सोसणार नाही. एमएम-106 मध्यम, पण पाणी साचणाऱ्या भारी जमिनीत त्याचं बूड सडतं आणि आपली काळी जमीन पावसाळ्यात कशी होते ते तुम्हाला माहीत आहेच. एमएम-111 थोडं मोठं होतं, ताण आणि भारी जमीन त्यातल्या त्यात सोसतं, लोकरी मावा या किडीलाही दाद देत नाही. मला विचाराल तर परसासाठी हेच. यातलं 'एमएम' म्हणजे मॉलिंग-मर्टन, इंग्लंडातल्या दोन संशोधन केंद्रांच्या गावांची नावं, एवढंच ते इम्पोर्टेड. विक्रेत्याला नाव सांगता येत नसेल तर घेऊ नका, आणि सांगितलं तर बिलावर लिहून घ्या. लिहायला सांगितलं की बऱ्याच जणांचा आवाज खाली येतो.

भावाने हिमाचलहून काड्या आणल्यात. कलम आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) केलं तर चालेल का? तोवर फ्रिजमध्ये ठेवतो. (चाळीसगाव)

आखाजीला आपल्याकडे लू चालते, कलम कसं जगेल? जोडावर जी नवी पेशींची गाठ धरते तिला 20-25 अंशांच्या आसपासची हवा मानवते, तिशीच्या वर गेलं की काम बिघडत जातं. जानेवारी, फार तर फेब्रुवारीचा पहिला आठवडा. काडी झोपलेली पाहिजे आणि खुंट नुकता जागा होत असला पाहिजे, उलटं झालं की डोळा आधी फुटतो आणि खालून रस मिळायच्या आत वाळतो.

काड्या ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. त्या कप्प्यात पिकलेली फळं ठेवू नका, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने डोळे मरतात. काडी पेन्सिलीएवढी जाड, दोन-तीन डोळ्यांची. खुंटाला आणि काडीला तीन-चार सेंटिमीटरचा तिरका काप, चाकूच्या एकाच ओढीत, काप उजेडात धरला की सपाट दिसला पाहिजे, मधे खड्डा दिसला तर पुन्हा घ्या. सालीखाली पातळ हिरवट थर असतो, जोड त्यानेच धरतो. दोन्हीकडची जाडी सारखी नसेल तर काडी मधोमध ठेवू नका, एका कडेला सरकवा म्हणजे निदान एका बाजूचे थर भिडतील. कापाला बोट लावू नका. जोडावर कलमाची पट्टी घट्ट बांधा. पहिल्यांदा करताय तर आधी बोरीच्या, पेरूच्या तोडलेल्या फांद्यांवर पन्नास काप घ्या, आणि जमलं तर सरकारी रोपवाटिकेत एखाद्या जुन्या माळ्याजवळ अर्धा दिवस बसा, लिहून हे येत नाही.

जोडाला मध, हळद, शेण लावायचं का? (रावेर)

काही नाही लावायचं. पट्टी बांधा आणि हात काढा.

दोन वर्षांपूर्वी अ‍ॅन्ना लावलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात वरचा शेंडा वाळला पण खालून जोमदार फूट आली, आता 7 फूट झालीय, फळ नाही. खत कोणतं टाकू? (यावल)

दादा, खत टाकू नका, आधी खाली वाका. फूट जोडाच्या खालून आलीय की वरून? वाळलेला शेंडा जोडाच्या वरचा होता, म्हणजे तुमचं अ‍ॅन्ना बहुतेक त्याच मे महिन्यात गेलं आणि गेली दोन वर्षं तुम्ही खुंटाला पाणी घालताय.

ह्याच एका गोष्टीसाठी मी एवढं सगळं लिहितोय. आमच्या मामाच्या अंगणात मोसंबीचं झाड होतं, सगळ्या गल्लीत दाखवायचे. एका वर्षी बुडातून एक कोंब आला, सरळ, हिरवागार, बोटभर काट्यांचा. मामी म्हणाली राहू द्या, जोर आहे त्याला. तीन वर्षांत मोसंबीची बाजू वाळत गेली आणि काट्यांच्या बाजूला खरबरीत सालीची आंबट फळं लागली, मामा म्हणायचे मोसंबी बिघडली. बिघडली कुठं, ती मेली होती, ते खालचं जंबेरी होतं, ज्याच्यावर मोसंबी बांधतात. मी तेव्हा शाळेत होतो, नंतर नोकरीत हेच शेकडो वेळा बघितलं.

खुंट हा मुळांचा धनी, त्याला वरच्या पाहुण्याची काही पडलेली नसते, संधी मिळाली की तो स्वतःचं झाड करतो. म्हणून पावसाळ्यात दर आठ दिवसांनी जोडाच्या खाली बघायचं. कोंब कोवळा, बोटाएवढा असतानाच बुडापासून ओरबाडून काढा, कात्रीने वरून छाटला तर उरलेल्या बुडख्यातून पुन्हा चार फुटतात. आणि हे बघायला जोड दिसायला पाहिजे ना! आपल्याकडे रोप लावताना लोक खोल खड्डा करतात, वरून शेणखत, वरून माती, पाटाचं पाणी सोडतात, दोन पावसांत जोड मातीत. मग तीन गोष्टी होतात: खालची फूट दिसत नाही, ओल्या काळ्या मातीत साल सडते, आणि कधी कधी वरची काडीच मातीत स्वतःची मुळं धरते, झाड बुटकं राहत नाही आणि बुटक्या खुंटासाठी दिलेले पैसे गेले. जोड जमिनीच्या वर वीतभर तरी मोकळा ठेवा. बुडाशी मातीची उंच भर, पण जोडाच्या वीतभर खालीच थांबणारी, बाहेरून गोल आळं, पाणी बुडाला न लागता मुळांपाशी. विकणारा हे सांगत नाही, झाड मेलं की तो पुढच्या जुलैत परत येणारच आहे.

तुमचं झाड मात्र उपटू नका. दोन वर्षांची मुळं आहेत, जानेवारीत त्यावरच चांगली काडी बांधता येईल. त्याआधी जोडाचा आणि पानाचा फोटो काढून, एक ताजी फांदी घेऊन पाल किंवा ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. मी लांबून सांगतोय, माझी चूक होऊ शकते.

पट्टी कधी काढायची? (साक्री)

जोड धरून नवी फूट वीत-दीड वीत झाली की. मागच्या बाजूने उभी चिरा, ओढू नका. राहिली तर तीच झाडाला फास लावते.

अ‍ॅन्नाला फुलं आली, फळ धरलं नाही. (धुळे)

एकच झाड आहे का? अ‍ॅन्नाला शेजारी त्याच वेळी फुलणारं दुसऱ्या जातीचं झाड हवं, डॉर्सेट गोल्डन चालतं. जागा नसेल तर त्याच झाडावर डॉर्सेटची एक फांदी बांधून घ्या आणि तिला चिंधी बांधा, नाहीतर छाटताना तीच पहिली जाते. फुलात असताना फवारणी नको, मधमाश्या जातात.

जोडाजवळ साल काळी पडलीय, दाबली की ओलसर लागते. दोन महिने झाले, गावातल्या दुकानदाराने तीन औषधं दिली. अजून थांबू का? (नंदुरबार)

दोन महिने का थांबलात? काळी साल खरवडून बघा, खालचं लाकूड तपकिरी निघालं आणि डाग अर्ध्या घेराच्या पुढे गेला असेल तर झाड वाचणं अवघड. कमी असेल तर निरोगी भाग लागेपर्यंत चाकूने साफ करा, चाकू दर वेळी स्पिरिटने पुसा, आणि बोर्डो पेस्ट लावा, 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी या प्रमाणात, प्लास्टिकच्या भांड्यात. बुडाची माती बाजूला करा, पाणी आठवडाभर तोडा. चौथं औषध आणू नका. आधीच्या तिन्ही बाटल्या आणि सालीचा तुकडा कागदात गुंडाळून उद्या सकाळीच नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या, तुकडा पॉलिथीनमध्ये नेऊ नका, घामेजतो आणि मग त्यांनाही काही दिसत नाही.