बंद पडलेला स्विमिंग पूल परत चालू करताय? आधी हे वाचा

दादा, पाणी हिरवं झालंय म्हणून पूल रिकामा करायची घाई नको, आधी जाळीने पाला-कचरा काढा, भिंती ब्रशने घासा आणि पंप-फिल्टर चालू होतोय का बघा, कारण पाणी फिरलंच नाही तर वरून कितीही केमिकल ओता काही उपयोग नाही.

मग टेस्ट किट, म्हणजे पाणी तपासायचा संच. अंदाजाने काही टाकायचं नाही. क्रम असा:

- आधी अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारा पाण्यातला क्षार), ८० ते १२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग. कमी असेल तर खायचा सोडा, हो तोच किचनमधला.
- मग पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) ७.२ ते ७.६, जास्त असेल तर ॲसिडने खाली आणायचा. आपल्याकडे नाशिकला फार्महाऊसवर बहुतेक बोअरचंच पाणी, ते जड असेल तर पीएच वर गेला की टाइल्सवर पांढरा थर धरतो आणि क्लोरीनही नीट काम करत नाही.
- शेवटी क्लोरीनचा जोरदार डोस, तोही सूर्य मावळल्यावर, दुपारच्या उन्हात टाकलेलं निम्मं उडूनच जातं.

नवीन लोक हमखास काय करतात तर सगळं एकाच संध्याकाळी ओततात. एक गोष्ट टाका, पंप काही तास चालू द्या, परत टेस्ट करा. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र कधीच नाही, विषारी वायू होतो. ॲसिड पाण्यात ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी नाही.

हिरवं जाऊन पाणी दुधाळ दिसलं तर घाबरू नका, शेवाळ मेलंय. फिल्टर चालू ठेवा, प्रेशर वाढलं की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं फिरवून फिल्टर धुवायचा. तळ स्वच्छ दिसेपर्यंत आणि क्लोरीन १ ते ३ पीपीएमवर येईपर्यंत पोरांना आत सोडू नका. स्टॅबिलायझर (उन्हात क्लोरीन टिकवणारं केमिकल) वगैरे नंतर बघू.