मॉनिटर १९२०×१०८० चा आहे पण रिझोल्यूशन १०२४×७६८ च्या वर जातच नाही, ड्रायव्हर दोनदा टाकला, आता विंडोज परत टाकू का?

नका टाकू. मी हाच उद्योग करून बसलोय. अख्खा रविवार घालवून विंडोज नव्याने टाकलं, आणि सगळं होऊन डेस्कटॉप आला तर स्क्रीन जशीच्या तशी, आयकॉन वाटीएवढे आणि अक्षरं भिजवलेल्या साबुदाण्यासारखी फुगलेली. दोष केबलचा होता आणि तो कळला सोमवारी.

तुम्ही म्हणताय कालपर्यंत नीट होतं, व्हीजीए केबल (मॉनिटरची जुन्या पद्धतीची, पिनांची केबल) आहे, टेबल हलवल्यापासून असं झालंय. हे टेबल हलवणं तुम्ही शेवटी सहज म्हणून लिहिलंय पण मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तरी आधी ड्रायव्हरचा, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, विषय संपवून टाका. स्टार्ट बटणावर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, त्यात डिस्प्ले अडॅप्टर्स. तिथे मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर असं दिसलं तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही, ग्राफिक्स कार्ड किंवा कॉम्प्युटर ज्या कंपनीचा त्यांच्याच साइटवरून घ्या, ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारी फुकट सॉफ्टवेअरं नकोत. पण तिथे इंटेल, एएमडी नाहीतर एनव्हिडियाचं नीट नाव दिसत असेल आणि पिवळं चिन्ह नसेल तर ड्रायव्हरला सोडा, तिसऱ्यांदा टाकून काही होणार नाही.

आता त्याच यादीत खाली मॉनिटर्स उघडा. जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर असं लिहिलेलं आहे का? असेल तर चोर सापडला. कसं असतं, प्रत्येक मॉनिटरमध्ये त्याची माहिती साठवलेली असते, ईडीआयडी म्हणतात तिला, मूळ आकार फक्त १२८ बाइट, त्यात कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, कुठलं रिझोल्यूशन झेपतं हे सगळं असतं. कॉम्प्युटर ती वाचतो आणि मग तुम्हाला पर्याय दाखवतो. ती मिळालीच नाही तर समोर कोण आहे हेच त्याला कळत नाही, मग तो कुठल्याही मॉनिटरला चालेल असं काहीतरी देतो, बहुतेक वेळा १०२४×७६८.

आणि गंमत अशी की व्हीजीएमध्ये चित्र एका वाटेने जातं आणि ही माहिती दुसऱ्या वाटेने. १५ पिना असतात, लाल हिरवा निळा १, २, ३ वरून, चित्र जागेवर धरणारे सिंकचे सिग्नल १३ आणि १४ वरून, आणि ईडीआयडी १२ आणि १५ वरून. म्हणजे १२ नंबरची पिन गेली तरी चित्र अगदी स्वच्छ दिसणार, रंग बरोबर, फक्त रिझोल्यूशन अडकलेलं. म्हणूनच केबलवर कोणाचा संशय जात नाही, चित्र दिसतंय ना मग केबल चांगलीच असणार असं आपण धरून चालतो.

माझ्या केबलची हीच पिन वाकून कडेला आडवी झोपली होती, मोबाइलचा टॉर्च मारला तेव्हा दिसली. क्लिकच्या लेड पेन्सिलीतलं लेड काढून टाकलं, तिचं पुढचं पोकळ टोक पिनेवर चढवलं आणि हळूहळू उभी केली. जोर लावू नका, तुटली की संपलं, आणि हे करताना केबल दोन्हीकडून काढलेली पाहिजे. अजून एक, मधल्या ओळीतली ९ नंबरची पिन नसेल तर घाबरू नका, बऱ्याच केबलींमध्ये ती मुळातच नसते.

पिना सगळ्या सरळ असतील तर दुसरी केबल लावून बघा, कारण काही स्वस्त केबलींमध्ये या तारा आत जोडलेल्याच नसतात. मध्ये स्प्लिटर (एकाच सिग्नलचे दोन करणारा डबा), केव्हीएम स्विच (एकच मॉनिटर-कीबोर्ड दोन कॉम्प्युटरना वापरायचा डबा), एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर असलं काही असेल तर ते काढून सरळ जोडा, ही मधली मंडळी माहिती गिळतात किंवा स्वतःचीच पुढे करतात. आणि दोन स्क्रीन डुप्लिकेटवर, म्हणजे दोन्हीवर एकच चित्र, असतील तर विंडोज दोघांना झेपेल तेवढंच देतं, विंडोज की आणि पी दाबून एक्स्टेंड करा, तेवढ्याने सुटलं तर बाकी काही करायची गरज नाही.

केबल बदलूनही तेच, तर तोच मॉनिटर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथेही अडकला तर मॉनिटरच्याच व्हीजीए बाजूला गडबड आहे असं समजा, पण लगेच भंगारात काढू नका, मागे एचडीएमआय किंवा डीव्हीआय असेल तर ते वापरून बघा, प्रत्येक पोर्टची ईडीआयडी सहसा वेगळी असते, एकाची गेली तरी दुसऱ्याची शाबूत असू शकते.

तेही नसेल तर शेवटी इंटेल किंवा एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये कस्टम रिझोल्यूशन असतं, तिथे १९२० बाय १०८०, ६० हर्ट्झ हाताने भरा. मॉनिटरने आउट ऑफ रेंज दाखवलं तर काहीही न दाबता थांबा, साधारण १५ सेकंदांत ते आपोआप जुन्यावर येतं.