कर्नल टाकतोयस? आधी हे वाच

भावा, बॅटरी जास्त टिकावी म्हणून फोनचा कर्नल (अँड्रॉइडचा गाभा, जो हार्डवेअर चालवतो) फ्लॅश करायला, म्हणजे बदलून दुसरा टाकायला निघालायस ते ठीक, पण आधी सध्याच्या बूट इमेजचा (कर्नल जिच्यात असतो त्या फाइलचा) बॅकअप घे आणि तो कॉम्प्युटरवर ठेव, फोनमध्येच ठेवून काय उपयोग, फोनच बूटलूपमध्ये अडकला, म्हणजे नुसता रीस्टार्ट होत राहिला तर? कर्नल तुझ्याच मॉडेलचा, तुझ्या रॉमला (फोनमध्ये टाकलेल्या सिस्टिमला) आणि अँड्रॉइड व्हर्जनला चालणारा हवा, "जवळपास सारखाच आहे" असलं इथे चालत नाही.

टाकल्यावर लगेच सेटिंगशी खेळत बसू नको. २-३ दिवस तसाच वापर. रात्री फोन नुसता पडलेला असताना बॅटरी उतरत असेल तर बऱ्याचदा कुठल्यातरी ॲपचा वेकलॉक (फोनला झोपू न देणारी विनंती) असतो, कर्नल बदलून तो जात नाही, बेटरबॅटरीस्टॅट्स ॲपमध्ये बघ कोण जागं ठेवतंय.

गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग कमी-जास्त करणारी सेटिंग) 'स्केडयुटिल' असेल तर राहू दे. प्रोसेसरची मॅक्स फ्रिक्वेन्सी फार खाली आणलीस तर तेच काम जास्त वेळ चालतं, कोअर उशिरा झोपतात, वर फोन अडखळतो तो वेगळाच. मी एकदा अंडरव्होल्ट (प्रोसेसरचं व्होल्टेज कमी करणं) जरा जास्तच केलं आणि 'सेट ऑन बूट'वर (फोन चालू होताच तीच सेटिंग आपोआप लागते) टिक पण मारलेली, मग काय, चालू झाला की रीस्टार्ट, रात्रभर तेच. ती टिक सगळ्यात शेवटी मार, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल.