पहिल्यांदाच पुण्याहून सायकलने कोकणात जाताय?

जा, बिनधास्त जा. पण आधी खडकवासल्याच्या फेऱ्या आणि बोपदेव घाट अंगवळणी पडू द्या, मगच कोकणात उतरणारा ताम्हिणी घाट. पौड, मुळशी, विळे, माणगाव हा रस्ता पहिल्या खेपेला उत्तम. मुक्काम माणगावलाच करा. त्याच दिवशी दिवेआगर गाठायचा हट्ट नको.

नवखे फसतात ते उतारावर. ब्रेक सतत आवळून ठेवले की रिम तापते आणि बोटं बधिर होतात. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही.

आणि किनाऱ्याचा रस्ता सपाट असतो हा पुणेकरांचा लाडका गैरसमज! खाडीकडे उतरलात की समोर छातीवर येणारा चढ उभाच. गिअर चढ सुरू व्हायच्या आधीच हलका करा.

दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तहानेची वाट न बघता पाणी प्या, मीठ-साखर घालून. पाठीवर सॅक नको, सामान कॅरिअरला बांधा. जादा ट्यूब, पंप हवाच. पंक्चर काढायला मात्र घरी शिका, घाटात नाही.

हरिहरेश्वरच्या पुढे जायचं असेल तर बागमांडल्याहून वेश्वीला फेरीबोटीत सायकल नेता येते. बोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा.

क्लीटचे (पेडलला अडकणारे) बूट, पॉवर मीटर (पायांचा जोर मोजणारं यंत्र) वगैरेंबद्दल नंतर बोलू.