वारा आपला, वाटा किती?

प्रश्न : आमच्या भागात मोठा पवनऊर्जा प्रकल्प येतोय. कंपनी एकरकमी देणगी द्यायला तयार आहे. स्थानिक परिषदेने ती घ्यावी का?

उत्तर : माझं विचाराल तर, नको. एकरकमी पैसा रंगरंगोटीत संपतो आणि पवनचक्क्या पुढची पंचवीस वर्षं फिरत राहतात. मागायचाच तर दरवर्षीचा वाटा मागा, तोही महागाईबरोबर वाढणारा. स्कॉटलंडमध्ये प्रत्येक मेगावॉटमागे वर्षाला 5,000 पौंड असा मापदंड आहे. म्हणजे 50 मेगावॉटला अडीच लाख. सक्ती नाही, तरी बोलणी तिथूनच सुरू होतात. जर्मनीत पवनचक्कीपासून अडीच किलोमीटरच्या आतल्या नगरपालिकांना प्रतियुनिट 0.2 सेंटपर्यंत देता येतात. वर्षाला एक कोटी युनिटं निघाली, तर 20,000 युरो होतात.

एक मात्र सांभाळा. परवानगी आणि पैसा एकाच बैठकीत आणू नका. इंग्लंडमध्ये एका परिषदेने गावनिधीचं आश्वासन जमेस धरून पवनचक्कीला परवानगी दिली, आणि 2019 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दच ठरवली. कंपनी उद्या विकली गेली तरी नव्या मालकावर करार बंधनकारक राहील, हे कलम वकिलाकडून लिहून घ्या. तोंडी शब्दावर अजिबात विसंबू नका.